पत्रादेवीला उतरायचंय

सावंतवाडीच्या स्टँडवरून सुटलेल्या पणजीच्या गाडीत कंडक्टरनं मला दोनदा विचारलं, "बाई, पणजीच ना?" मी दोन्ही वेळा सांगितलं, "नाही, पत्रादेवी." तिकीट माझ्या हातात ठेवून तो क्षणभर थांबला. "पत्रादेवीक कोण रवता तुमचा? थंय काय एक नाय. चेकनाको, नि रस्तो." मी म्हटलं, "स्मारक आहे ना." त्यानं मान हलवली. "आसा. पण थंय उतरणारो पॅसेंजर माका पयल्यांदाच गावलो."

तारीख होती 15 ऑगस्ट 2025. सकाळचे साडेआठ वाजले होते. बाहेर इन्सुलीचा घाट पावसात बुडाला होता आणि गाडी पोरांनी खच्चून भरली होती. शुक्रवारची सुट्टी, पुढं शनिवार, रविवार. पाठीवर बॅगा, कानांत गाणी, दोघातिघांच्या शर्टावर कागदी तिरंगे टाचलेले. ती सगळी गोव्याला निघाली होती. मीही आजवर गोव्याला आठ-दहा वेळा गेले असेन, याच रस्त्यानं. दर वेळी पत्रादेवी आली की ‘चला, गोवा लागला’ एवढंच मनात आलं. हद्द ओलांडल्याचा आनंद व्हायचा आणि दोन मिनिटांत गाव मागं पडायचं.

मी पनवेलची. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि या मे महिन्यात निवृत्त झाले. म्हणजे एकतीस वेळा पंधरा ऑगस्टला पहाटे पाचला उठून शाळेत गेले. आदल्या दिवशी ध्वजाची घडी घालताना तिच्यात पाकळ्या ठेवायच्या, गाठ अशी मारायची की एका हिसक्यात सुटेल, पण त्याआधी सुटणार नाही. मुलांचे कॅनव्हासचे बूट खडूनं पांढरे केलेले असायचे, आणि पाऊस आला की त्या खडूचे ओघळ पायमोज्यांवर यायचे. प्रभातफेरी, कवायत, लिमलेटच्या गोळ्या. आणि भाषणं. मुलांची भाषणं मीच लिहून द्यायची. त्यात एक वाक्य कायम असायचं: ज्ञात-अज्ञात अनेक वीरांनी देशासाठी बलिदान दिलं.

पनवेलात हुतात्मा हिरवे गुरुजींचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्यांचं स्मारक आहे, पंधरा ऑगस्टला तिथं हार घातला जातो. बऱ्याच वर्षांपूर्वी प्रभातफेरी तिथून जात असताना चौथीतल्या एका मुलीनं मला विचारलं, "बाई, या गुरुजींनी काय केलं?" मी म्हटलं, "गोवा मुक्तिसंग्रामात हुतात्मा झाले." ती म्हणाली, "म्हणजे कुठं?" मी म्हटलं, "गोव्यात." ती म्हणाली, "पण ते तर पनवेलचे ना? मग गोव्यात कशाला गेले?"

फेरी पुढं सरकली आणि मला उत्तर देण्यातून सुटल्यासारखं वाटलं. पण प्रश्न मागं राहिला नाही. मी नंतर वाचलं, विचारलं, वह्यांत टिपणं काढली. पण पंधरा ऑगस्टला शाळा सोडून कुठं जाता येत नसे. यंदा पहिल्यांदाच त्या दिवशी माझी कुठंही हजेरी नव्हती. तेराच्या मध्यरात्रीनंतर पनवेलला तुतारी एक्स्प्रेस पकडली. पावसाळी वेळापत्रकाप्रमाणे रमतगमत ती चौदाच्या दुपारी सावंतवाडी रोडला पोहोचली. संध्याकाळी मोती तलावाच्या काठानं फिरले. चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकानं उघडी होती, आणि एका गणपतीच्या शाळेत ओळीनं मातीचे गणपती बसले होते, अजून डोळे न रेखलेले. चतुर्थी बारा-तेरा दिवसांवर आली होती. रात्रभर पाऊस कौलांवर वाजत होता आणि मी त्या मुलीला द्यायचं राहिलेलं उत्तर मनाशी जुळवत होते.

उत्तर काहीसं असं आहे.

15 ऑगस्ट 1947 ला सगळ्या देशात तिरंगा फडकला तेव्हा पणजीवर पोर्तुगालचा झेंडा होता. 1510 पासून तो तिथं होता. इंग्रज गेले, 1954 पर्यंत फ्रेंचांनीही पाँडिचेरीचा कारभार भारताच्या हाती दिला, पण लिस्बनमध्ये बसलेला हुकूमशहा सालाझार ऐकायला तयार नव्हता. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच सागरापलीकडचा एक प्रांत आहे, असं त्याचं म्हणणं होतं. गोव्यात सभा घ्यायला, बोलायला, छापायला बंदी. 18 जून 1946 ला राममनोहर लोहियांनी डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्यासह मडगावात ही बंदी मोडली. तेव्हापासून गोव्यातली माणसं पकडली जात होती, मार खात होती, तुरुंगात जात होती, काहींना थेट पोर्तुगालला नेलं जात होतं. ही गोष्ट गोवेकरांनी सुरू केली आणि तिची पहिली किंमतही त्यांनीच मोजली. बाहेरून गेलेल्या कुणाबद्दलही बोलताना हे आधी सांगायला हवं.

1955 साली बाहेरची माणसं त्यांच्या मदतीला निघाली. पुण्यात गोवा विमोचन सहाय्यक समिती स्थापन झाली. केशवराव जेधे, जयंतराव टिळक असे वेगवेगळ्या वाटांचे लोक त्यात एकत्र आले. 18 मे ला नानासाहेब गोरे पहिली मोठी तुकडी घेऊन गोव्यात शिरले. नानासाहेब मूळचे देवगडजवळच्या हिंदळ्याचे, म्हणजे इथलेच. त्यांच्याबरोबर सेनापती बापट होते, वय वर्षं चौऱ्याहत्तर. पोर्तुगीज पोलिसांनी तुकडीला बेदम मारलं आणि पुढं नानासाहेबांना दहा वर्षांची शिक्षा झाली. जुलैत मधु लिमये गेले, त्यांना बारा वर्षांची. समाजवादी, जनसंघाचे, कम्युनिस्ट, हिंदुमहासभेचे, कुठल्याच पक्षाचे नसलेले. एरवी एका व्यासपीठावर न बसणारी माणसं एका रांगेत चालत होती. आणि मग ठरलं की पंधरा ऑगस्टला हजारोंनी, एकाच वेळी, अनेक वाटांनी आत शिरायचं.

तारीख मुद्दाम निवडलेली होती. स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झाली होती. त्या सोमवारी देशभर सुट्टी होती, झेंडावंदन होतं, शाळांत खाऊ होता. ज्यांना स्वतःचं स्वातंत्र्य मिळालेलं होतं अशी माणसं ते साजरं करायचं सोडून, ज्यांना ते मिळालं नव्हतं त्यांच्यासाठी चालत निघाली. सावंतवाडीच्या त्या खोलीत हे मला जेवढं लख्ख दिसलं तेवढं एकतीस वर्षांत दिसलं नव्हतं. आपल्याकडं पंधरा ऑगस्ट म्हणजे मिळालेल्या गोष्टीचा दिवस. त्यांनी तो न मिळालेल्या गोष्टीचा केला.

कंडक्टरनं घंटी मारली. "पत्रादेवी! बाई, सांभाळून, निसरडा आसा."

मी उतरले. गाडी गेली. खिडकीतून दोन-तीन पोरांनी मागं वळून बघितलं, ही बाई इथं कशाला उतरली म्हणून.

पावसाची सर नुकती ओसरली होती. छत्री मिटून मी स्मारकाशी गेले. माझ्याआधी कुणीतरी येऊन गेलं होतं, झेंडूची ताजी फुलं भिजून चिकटून बसली होती. मी पनवेलहून आणलेला हार काढला. रात्रभर ओल्या फडक्यात ठेवूनही तो जरासा कोमेजलाच होता. चपला काढल्या, हार ठेवला आणि तिथंच उभी राहिले. काय करायचं असतं पुढं, ते मला कळेना. शाळेत असते तर ‘सावधान’ म्हटलं असतं, राष्ट्रगीत झालं असतं, कार्यक्रम संपला असता. इथं मी एकटी होते. मागच्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मी मोजायला लागले. दहा मिनिटांत सत्तेचाळीस गाड्या गोव्याच्या दिशेनं गेल्या. बऱ्याच गाड्यांच्या काचेमागं छोटे झेंडे होते. एकही थांबली नाही.

मला त्या लोकांचा राग आला नाही. त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक असेल की आपण जिथून जातोय त्या जागी, याच तारखेला, पावसात भिजलेल्या निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या? कुणी सांगितलंच नसेल. आणि सांगायचं काम ज्यांचं होतं, त्यांच्यात मी एकतीस वर्षं होते.

तर, इथं काय झालं? सत्याग्रहींच्या हातांत झेंडे होते, दुसरं काही नव्हतं. हात उचलायचा नाही, पळायचं नाही, एवढी शिस्त. समोरून गोळीबार सुरू झाला. मध्य प्रदेशातल्या सागरकडच्या सहोदराबाई राय झेंडा घेऊन पुढं होत्या. त्यांना गोळ्या लागल्या. त्या वाचल्या, आणि 1957 साली लोकसभेवर निवडून गेल्या. दिल्लीहून आलेले वसंतराव ओक जखमी झाले. आणि पंजाबातला एक पंचविशीतला तरुण पुढं सरसावला आणि कोसळला तो उठला नाही. कर्नैलसिंग बेनिपाल. लुधियाना जिल्ह्यातलं इसरू हे त्याचं गाव. लग्न होऊन थोडेच महिने झाले होते. त्या एका दिवसात गोव्याच्या वेगवेगळ्या सीमांवर मिळून वीसच्या वर माणसं मारली गेली आणि कितीतरी जखमी झाली.

इसरू ते पत्रादेवी. नकाशावर बोट ठेवून बघा. त्याला कोकणी येत नव्हती, मराठी येत नव्हती, समुद्रही त्यानं याआधी पाहिला होता की नाही कोण जाणे. गोव्यात त्याचं नात्याचं, ओळखीचं कुणी असण्याचं कारण नव्हतं. चौथीतली ती मुलगी इथं असती तर तिनं पुन्हा तेच विचारलं असतं, मग तो गोव्यात कशाला आला? आणि याला एकच खरं उत्तर आहे. त्याला गोवा परका वाटला नाही. नकाशावरचा देश आणि मनातला देश त्याच्या लेखी एकच होते.

आणखी एक गोष्ट. कर्नैलसिंगला त्याच्या मुलखात मास्टर म्हणतात. तो शिक्षक होता. आमच्या पनवेलच्या हुतात्म्याच्या तर नावातच गुरुजी. तिसरे मोहन रानडे. सांगलीचे, मूळ नाव मनोहर आपटे. गोव्यात सावईवेऱ्याला त्यांनी मराठी शाळेत मुलं शिकवली आणि मग आझाद गोमंतक दलात शस्त्र हाती घेतलं. त्यांची वाट वेगळी होती, सत्याग्रहाची नव्हे. 1955 च्याच ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. पुढं त्यांना पोर्तुगालला नेलं. 1961 साली गोवा मुक्त झाला तरी हा माणूस लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात कोंडलेलाच होता. त्यांच्या सुटकेसाठी इकडं खटपट करणाऱ्यांत गायक-संगीतकार सुधीर फडके होते, जे 1954 च्या दादरा-नगरहवेलीच्या लढ्यात स्वतः उतरले होते. रानडे सुटले ते जानेवारी 1969 मध्ये. ज्या गोव्यासाठी तुरुंगात गेले तो मुक्त होऊन सात वर्षं उलटली होती.

तीन मास्तर. तिघांनीही कधी ना कधी मुलांसमोर उभं राहून देश म्हणजे काय ते सांगितलं असणार. फरक एवढाच की त्यांनी सांगितलं आणि मग ते त्या वाटेनं चालत गेले. स्मारकासमोर मी त्यांची नावं मोठ्यानं म्हटली, हजेरी घेतल्यासारखी. शिक्षकाला दुसरं काय येतं?

तिथून परतीची गाडी मिळायला पाऊण तास लागला. बांद्याला उतरले तेव्हा बाजारात शाळेची पोरं गणवेशात हिंडत होती, हातांत जिलेबीच्या पुड्या. तेरेखोल नदी तांबड्या पाण्यानं फुगून चालली होती. एका चहाच्या टपरीत मी बाकावर बसले. बाजूला एक वयस्क गृहस्थ होते, धोतर, डोक्यावर टोपी, छातीवर लावलेला कागदी झेंडा पावसानं ओला झालेला. चहावाल्याशी माझं बोलणं त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "बाय, पत्रादेवीक गेल्लंस?"

मी हो म्हटलं. "काका, तुम्हाला ते आठवतं?"

"मी तेवा धा वर्सांचो." त्यांनी कप खाली ठेवला. "पावस ह्या मोठो. मानसां उभ्यान भिजलेली. तेंची भाशा आमका कळा नाय, आमची तेंका कळा नाय. आयेन पेज वाडली. ती तेवडी कळली."

मी गप्प राहिले. थोड्या वेळानं ते म्हणाले, "पेज पिल्यानी नि एकान आयेच्या पायाक हात लायलो. आय म्हणाली, खंयचो कोणाचो झील, नि माज्या पायाक हात लायता. मगे ते गेले. सकाळी गेले तेवा कोणी मोजूक नाय. परत इले तेवा मोजूचो कोणाक धीर जावक नाय."

"परत आलेल्यांत तो होता?"

"कोण जाणा, बाय. तोंडां आटवतत काय? पेजेचो वाडगो आटवता."

त्या माऊलीनं त्या दिवशी त्या मुलाला त्याचं नावही विचारलं नसेल. पेज विचारून वाढत नाहीत. पण तिनं जे केलं ते मला कुठल्याही सोहळ्यापेक्षा मोठं वाटलं. कारण कृतज्ञता आपण नेहमी नंतर दाखवतो, माणूस गेल्यावर, हारानं. तिनं ती आधी दाखवली, माणूस समोर जिवंत असताना, वाढलेल्या वाडग्यानं. मी त्यांच्या पायांना हात लावला. ते ओशाळून म्हणाले, "मी काय केलंय गे?" पण मी तो नमस्कार त्यांच्या आईला केला होता.

बांद्याहून रिक्षा केली तेरेखोलला. सातार्डा, आरोंदा, मग रेडी. रस्ता नदीच्या सोबतीनं जातो. भातशेतं इतकी हिरवी की डोळ्यांना थंडावा वाटावा, माडांच्या बागा, मधूनच एखाद्या शाळेच्या पटांगणात एकटाच फडकणारा झेंडा. कार्यक्रम उरकून सगळे घरी गेलेले आणि तो संध्याकाळी उतरवायची वाट बघत उभा. इथून शिरोडा जवळ. तिथल्या मिठागरांत 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर त्याच गावात शाळेत शिकवत होते. हा सगळा किनारा मास्तरांचा आणि सत्याग्रहींचा आहे असं वाटायला लागलं. शिरोड्याला जायला वेळ नव्हता, त्याची रुखरुख आहे.

तेरेखोलची जागा चमत्कारिक आहे. नदीच्या दक्षिणेला गोवा आणि उत्तरेला महाराष्ट्र, पण नदीच्या मुखाशी, उत्तर काठावर, एवढा एक तुकडा गोव्याचा. किल्ला सावंतवाडीकरांनी बांधला, 1746 मध्ये पोर्तुगिजांनी जिंकला. आत सेंट अँथनीचं चर्च आहे. तटाखाली नदी समुद्रात शिरते, पलीकडं केरीचा किनारा दिसतो. एकटा पडलेला, तीन बाजूंनी वेढता येण्यासारखा किल्ला, म्हणून मुक्तिसैनिकांचं लक्ष त्याच्यावर होतं. 15 ऑगस्ट 1954 ला आल्फ्रेड आफोंसो यांच्या तुकडीनं त्याच्यावर तिरंगा चढवला आणि पकडले जाईपर्यंत राखला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी पुन्हा माणसं चालून गेली. शेषनाथ वाडेकर पडले. आणि आमचे हिरवे गुरुजी पडले.

मी तटाजवळ उभी राहिले. समुद्रावरून येणारा वारा छत्री उलटी करत होता, शेवटी मी ती मिटून टाकली. पनवेलहून इथं यायला मला आगगाडीनं बारा तास लागले, पुढं एस.टी., मग रिक्षा. गुरुजी कसे आले असतील? तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. पनवेलचा माणूस घाटमाथ्यावरून किंवा कोकणच्या खडीच्या रस्त्यानं, एका सामानाच्या पिशवीनिशी, शेवटचा टप्पा पायी, चिखलातून. इथं पोहोचायला त्यांना कितीतरी तास विचार करायला मिळाले असतील. परत फिरायला कितीतरी वळणं मिळाली असतील. ते प्रत्येक वळणावर पुढं आले. हौतात्म्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोळी लागण्याचा क्षण येतो. मला तेरेखोलला त्यांचा प्रवास दिसला. तो क्षण कदाचित माणसाच्या हातात नसतो, पण त्याआधीचा सगळा रस्ता त्याच्या हातात असतो.

रिक्षावाला मुलगा पंचविशीचा होता, कर्नैलसिंगच्याच वयाचा. त्यानं मला विचारलं, "बाई, पण मगे गोवो तेंच्यामुळां खंय सुटलो? मिलिटरीन सोडवल्यान ना?"

प्रश्न रास्त होता. मी तो स्वतःलाही विचारला आहे. पंधरा ऑगस्टच्या गोळीबारानंतर भारत आणि पोर्तुगालचे राजनैतिक संबंध तुटले, गोव्याशी असलेला रेल्वेचा दुवा बंद झाला. पण सप्टेंबरपासून आपल्याच सरकारनं सत्याग्रहही थांबवला. पंडित नेहरूंना सैन्य घालायचं नव्हतं, जगाला शांतता सांगणाऱ्या देशानं बंदूक उचलू नये असं त्यांना वाटत होतं. त्यामागचा विचार मी समजू शकते. पण निःशस्त्र माणसं मारली गेल्यावरही सहा वर्षं चार महिने थांबावं लागलं, हे मला आजही पटत नाही. शेवटी 1961 च्या डिसेंबरात मेजर जनरल कॅन्डेथ यांच्या नेतृत्वाखाली सैन्य गेलं, ऑपरेशन विजय दोन दिवसांच्या आत आटोपलं, आणि 19 डिसेंबरच्या रात्री गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. गोवा 19 डिसेंबरला मुक्तिदिन पाळतो, तो यासाठी. त्या कारवाईत आपले जवानही गेले. त्यांचं ऋण वेगळं आणि तितकंच मोठं.

मी त्या मुलाला म्हटलं, "बाळा, सैन्यानं दार उघडलं. पण आत असलेल्यांना ‘तुम्ही एकटे नाही’ हे सहा वर्षं आधी कुणी सांगितलं? आणि दिल्लीला हा प्रश्न विसरता येऊ नये याची सोय कुणी केली?" अग्वादच्या तुरुंगात, पणजीच्या कोठड्यांत, गावांतल्या घरांत जे गोवेकर होते त्यांना पंजाबातून, बुंदेलखंडातून, पनवेलमधून आपल्यासाठी माणसं आली हे कळलं असेल तेव्हा काय वाटलं असेल, याचा विचार केला की कोण यशस्वी आणि कोण अयशस्वी ही मोजणीच मला खोटी वाटते.

तो थोडा वेळ समुद्राकडं बघत राहिला. मग म्हणाला, "माजी शाळा ह्या रेडीक. धा वर्सां शिकलंय. तेरेखोलाक सहल इल्ली आमची. ह्या कोणी सांगूक नाय."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते अधिक लागलं. सहल आली असेल. बाईंनी मुलांना रांगेत उभं केलं असेल, समुद्र दाखवला असेल, डबे खाल्ले असतील. मी असते तरी तेच केलं असतं. दर वर्षी माझ्या भाषणातलं ते एक वाक्य, ज्ञात-अज्ञात अनेक वीरांनी, ते किती सोयीचं होतं! ‘अनेक’ म्हटलं की एकाचंही नाव शोधावं लागत नाही. ‘बलिदान’ म्हटलं की पाऊस, चिखल, पेज, नवी नवरी, अनोळखी भाषा, काही सांगावं लागत नाही. अज्ञात कोण होते? ज्यांना आपण जाणून घेतलं नाही ते. कर्नैलसिंगला त्याचं गाव विसरलेलं नाही. इसरूला दर पंधरा ऑगस्टला त्याच्या नावानं मेळा भरतो, दूरदूरची माणसं येतात. म्हणजे पत्रादेवीला मी एकटी उभी होते त्याच सकाळी, तिकडं पंजाबात, गोव्यासाठी मेलेल्या मुलाच्या आठवणीत गर्दी जमली होती. आणि इथं, जिथं तो पडला, तिथून गाड्या भरधाव जात होत्या.

मी वहीतलं पान फाडलं आणि त्या मुलाला नावं लिहून दिली. कर्नैलसिंग बेनिपाल, पत्रादेवी. शेषनाथ वाडेकर, तेरेखोल. हिरवे गुरुजी, पनवेल, तेरेखोल. सहोदराबाई राय, सागर, वाचल्या. मोहन रानडे, तुरुंगवासाच्या चौदाव्या वर्षी सुटका. त्यानं ते पान वाचलं, घडी घातली आणि रिक्षाच्या समोरच्या काचेपाशी, गणपतीच्या तसबिरीमागं खोचून ठेवलं.

परतीच्या गाडीत मी माझ्या शाळेतल्या बाईंना फोन केला. आता भाषणं त्या लिहून देतात. त्यांना म्हटलं, पुढच्या वर्षी मुलांच्या भाषणातून ‘अनेक’ काढून टाका आणि प्रत्येक मुलाला एकच माणूस द्या. त्याचं नाव, गाव, तो कुठं गेला, कशासाठी गेला, एवढंच. पाठ करायला सोपं जाईल. त्या हो म्हणाल्या.

ती चौथीतली मुलगी आता कुठं असते मला ठाऊक नाही. तिशीची झाली असेल. कदाचित सुट्टीला गोव्यालाही जात असेल.

तुम्ही जात असाल तर बांदा मागं पडल्यावर जरा हळू चला. पत्रादेवीला गाडी थांबवा आणि उतरा. पाच मिनिटं पुरतात.